बोट कधी लागली नाही, मग हेडसेट का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा. मालवणजवळ राहणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका शिक्षकांना पुण्याच्या पुतण्याने गणपतीत आपला जुना क्वेस्ट २ हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात (व्हीआर) खेळायचं यंत्र, देऊन टाकला. पहिल्याच संध्याकाळी घरच्यांच्या आग्रहाखातर रोलर कोस्टर लावला आणि दोन मिनिटांत ओकारी झाली. तेव्हापासून काहीही लावलं तरी थोड्या वेळात डोकं जड होतं. अक्षरं पुसट दिसतात, रात्री खेळताना हात भलतीकडेच उडतात, जमीन गुडघ्यापर्यंत वर आल्यासारखी वाटते, पावसात काचा धुरकटतात. चष्मा उणे तीनचा आहे, पण 'पडदा डोळ्यांजवळच असतो' म्हणून तो काढून खेळतात. वडिलांची होडी होती, लहानपणापासून समुद्रात जाणं-येणं आहे, बोट कधी लागली नाही. मग हे का लागावं? वय झालं म्हणायचं की यंत्र खराब आहे? आणि नऊ वर्षांची मुलगी मागे लागली आहे, तिला द्यावा का?

हेडसेट परत देऊ नका, निदान इतक्यात नको. पाच तक्रारींपैकी चार बसवण्याच्या, खोलीच्या आणि हवेच्या आहेत. शरीराची एकच. आणि त्या चार मिटल्याशिवाय पाचवी मिटायची नाही, कारण पुसट चित्र, वरखाली होणारी जमीन आणि उडणारे हात यातली प्रत्येक गोष्ट गरगरण्यात भर घालते. 'सवय होईल' म्हणून लोक दात-ओठ खाऊन खेळत राहतात. वाकड्या बसवलेल्या हेडसेटची सवय होत नाही, त्याची धास्ती बसते. शाळांची विज्ञान प्रदर्शनं, पर्यटकांचे स्टॉल अशा ठिकाणी लोकांच्या डोक्यावर हेडसेट चढवणं हेच माझं काम आहे, आणि 'माका गरगरता' म्हणून हेडसेट काढून ठेवणाऱ्या बऱ्याच जणांचं पट्टा आणि भिंगं नीट केल्यावर भागतं.

तेव्हा आधी डोळे, मग खोली, मग शरीर.

चष्मा घाला. पडदा डोळ्यांपासून काही बोटांवर असला तरी मधली भिंगं चित्र साधारण एक ते दोन मीटर लांब असल्यासारखं डोळ्यांपुढे उभं करतात. तुमच्या उणे तीनच्या डोळ्यांना चष्म्याशिवाय हातभराच्या आतलंच स्वच्छ दिसतं, म्हणजे तुम्ही इतके दिवस सगळे खेळ धुक्यात खेळलात. लांबचा चष्मा लागेल, वाचायचा नको. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल तर जुना साधा, फक्त लांबच्या नंबरचा चष्मा शोधून काढा. नाहीतर मान वर केली की एक आणि खाली केली की दुसरं दिसेल. क्वेस्ट २ च्या खोक्यात एक काळी प्लॅस्टिकची चौकट येते. चेहऱ्यावरचा फोम ओढून काढायचा, ती चौकट बसवायची आणि वर पुन्हा फोम लावायचा, म्हणजे चष्म्याला जागा होते. पुतण्याने ती दिली नसेल तर त्याच्याकडून मागून घ्या, कारण तिच्याविना चष्म्याची काच भिंगाला घासते. भिंगं प्लॅस्टिकची असतात, ओरखडा पडला की कायमचा. फ्रेमही फार रुंद नको, १४ सेंटिमीटरच्या आतली सहज मावते. चष्मा घातल्यावर हेडसेट डोक्यावरून खाली दाबत आणू नका. हेडसेट आधी पुढून चेहऱ्यावर टेकवा आणि मग पट्टा मागे ओढा. काढताना उलट.

आता भिंगांमधलं अंतर. दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. आरशासमोर उभं राहून कपाळाला पट्टी टेकवून मोजता येतं, पण चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना ते मोजतातच, तिथे विचारणं सोपं. या हेडसेटमध्ये भिंगं हाताने सरकवायची असतात आणि थांबे तीनच आहेत: ५८, ६३ आणि ६८. तुमचं अंतर ६१ च्या खाली असेल तर पहिला, ६१ ते ६६ मध्ये दुसरा, त्यापुढे तिसरा. दोन्ही भिंगांच्या कडा धरून हळू सरकवा, खट् असा आवाज येऊन जागेवर बसतात. मधेच अडकवून ठेवू नका. पुतण्याच्या डोळ्यांना लावलेलं अंतर तुमच्या डोळ्यांना चालेलच असं नाही, आणि जुना हेडसेट हातात आला की ही गोष्ट पाहायची राहून जाते. अंतर चुकलं की डोळे सतत आतबाहेर ओढले जातात आणि कपाळाच्या मध्यभागी जडपणा येतो. तुमचं डोकं जड होण्यात हे असण्याची दाट शक्यता आहे.

तिसरी गोष्ट पट्टा. हेडसेटचं वजन ५०३ ग्रॅम, आणि ते सगळं पुढे. मागचा त्रिकोणी भाग डोक्याच्या मागच्या फुगीर हाडाच्या खाली, मानेकडे गेला पाहिजे. बहुतेक जण तो टोपीसारखा वर ठेवतात, मग हेडसेट नाकावर घसरतो. घसरू नये म्हणून बाजूचे पट्टे आवळतात, मग गालावर वळ उठतात, आणि चित्र तरीही पुसटच. या भिंगांमधला स्वच्छ दिसण्याचा भाग लहान असतो. बाहुली त्याच्या समोर नसली की अक्षरांच्या कडा फुटतात. म्हणून मेन्यूतलं एखादं बारीक अक्षर पाहत हेडसेट दोन्ही हातांनी अगदी सावकाश वर, खाली सरकवा. एका जागी अक्षर एकदम लखलखीत होतं. तिथेच धरून वरचा पट्टा ताणा, मग बाजूचे. वजन वरच्या पट्ट्याने पेलायचं असतं, गालाने नव्हे. एवढं केल्यावरही काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांभोवती उजेडाच्या रेघा दिसतील. तो बिघाड नाही, या जातीच्या भिंगांवर गोल खाचा असतात, त्यांचा तो परिणाम.

आता खोली. हात रात्रीच उडतात, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, त्यावरून निम्मं निदान झालं. हेडसेटच्या चार कोपऱ्यांतले चार कॅमेरे खोली बघत असतात. कपाटाच्या कडा, खिडकीचे गज, कॅलेंडर अशा खुणा पकडून हेडसेट आपण कुठे आहोत हे ठरवतो. हातातल्या कंट्रोलरच्या कड्यात अवरक्त दिवे असतात. आपल्याला ते दिसत नाहीत, कॅमेऱ्यांना दिसतात. म्हणजे खोलीत उजेड कमी पडला तर खुणा दिसत नाहीत, आणि खोलीत दुसरे ठिपक्यांसारखे दिवे असतील तर कॅमेऱ्यांचा घोटाळा होतो. गणपतीची लायटिंगची माळ अजून भिंतीवर आहे का बघा. असेल तर निदान खेळताना बंद ठेवा. कोपऱ्यातला एकच मंद बल्ब पुरत नाही, साधी ट्यूबलाइट हवी. जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड डोळ्याला कळत नसला तरी लुकलुकत असतो. हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंगची वारंवारिता ठरवता येते, ती ५० हर्ट्झवर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. अमेरिकेत ती ६० असते, त्यामुळे तिकडून आलेल्या किंवा तिकडच्यासारख्या लावलेल्या हेडसेटवर ही सेटिंग जरूर तपासावी.

काचेचं शोकेस, मोठा टीव्ही, आरशाचं कपाट यांवर चादर टाका. कोरी, नुकती रंगवलेली पांढरी भिंत कॅमेऱ्याला आवडत नाही, तिच्यावर काहीही रंगीत टांगलं तरी चालतं. या बाबतीत आपली गिलावा न केलेली जांभ्याची भिंत एक नंबर: भोकं, सांधे, रंगाचे फरक, कॅमेऱ्याला हवं ते सगळं तिच्यात आहे. नव्या घरातल्या चकचकीत टाइल्सपेक्षा जुन्या घराची पडवी मला केव्हाही बरी वाटते.

जमिनीचा प्रश्न त्या टाइल्सचाच असणार. गुळगुळीत फरशीत दिव्याचं आणि भिंतीचं प्रतिबिंब पडतं आणि जमीन नक्की किती खाली आहे हे ठरवताना हेडसेट चुकतो. चटई अंथरा, हेडसेटमध्ये खेळायच्या जागेची सीमा नव्याने आखायला घ्या, आणि जमिनीची पातळी विचारली की उकिडवे बसून कंट्रोलर खरोखर जमिनीला टेकवा. कंबरेतून वाकून हवेत अंदाजाने दाखवू नका. उभं राहून खेळायला दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. उंबऱ्यापासून दूर उभे राहा आणि हात सरळ वर करून पंखा लागतो का पाहून घ्या. कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय टेनिस खेळायचं नाही, यावर मी कुणाशीही वाद घालत नाही. मध्यभागी एक जाड पायपुसणं टाका. डोळे झाकलेले असले तरी तळव्यांना आपण जागेवर आहोत की सरकलो हे कळत राहतं. पैसे न घालता होणारी ही सगळ्यात उपयोगी सोय आहे.

एक धोका कोकणातल्या कौलारू घरांचा खास. उजेडासाठी छपरात एखादं काचेचं कौल असतं, त्यातून उन्हाचा कवडसा पडतो आणि दिवसभर खोलीत फिरत असतो. हेडसेट पलंगावर भिंगं वर करून ठेवला आणि कवडसा त्याच्यावरून गेला, तर भिंगातून ऊन एका बिंदूवर एकवटतं आणि आतला पडदा कायमचा भाजतो. मग पिवळसर डाग दिसत राहतो, त्याला इलाज नाही. थोडा वेळही पुरतो. म्हणून ठेवताना भिंगं खाली किंवा वर कापड. खळ्यात उन्हात खेळायचा विचार तर करूच नका, तिथे कॅमेरेही दिपतात.

लाईट गेली तर? हेडसेट बॅटरीवर चालत राहतो, पण खोलीत काळोख झाला की त्याला खुणा दिसत नाहीत आणि समोरचं जग आपोआप सरकायला लागतं. नव्या माणसाला गरगरवायला एवढं पुरेसं आहे. चित्र हललं असं वाटताच डोळे मिटा आणि हेडसेट काढा. इन्व्हर्टरवर त्या खोलीचा एक दिवा असला तर उत्तम.

आता तुमचा मूळ प्रश्न. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रियं असतात: तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं वळलेलं ओळखतात, आणि दुसरा भाग वेग वाढला-कमी झाला हे ओळखतो. होडीत कान, डोळे आणि पाय तिघांची साक्ष जुळते. लाट आली, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर गेली, क्षितिज खाली गेलं, गुडघे आपोआप वाकले. बोट लागते ती आत बसून मोबाइल बघणाऱ्याला, कारण त्याच्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना नाही. म्हणून तर त्याला बाहेर येऊन लांब बघ म्हणतात. हेडसेटमध्ये हेच उलटं होतं. डोळे सांगतात आपण उतारावरून सुसाट निघालोय, आणि कान सांगतो आपण मालवणात घरात चटईवर उभे आहोत. होडीत तुमच्या कानाला हालचालीचा सराव झाला. इथे कान स्वस्थ आहे आणि गोंधळ डोळ्यांचा आहे, त्यामुळे तो सराव कामी येत नाही. वयावर खापर फोडायचं कारण मला दिसत नाही.

कानाला एकसारखा वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. त्यामुळे सरळ रेषेत एका गतीने जाणं बऱ्यापैकी सोसतं आणि वळणं, उतार, अचानक थांबणं सोसत नाही. रोलर कोस्टरमध्ये दुसरं काहीच नसतं. तरी प्रत्येक घरात पहिल्यांदा तोच लावतात, कारण बघणाऱ्यांची करमणूक होते आणि व्हिडिओ काढता येतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी रोलर कोस्टर दाखवणं हा निव्वळ दुष्टपणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पुतण्याला माझ्यातर्फे सांगा.

सुरुवात अशा खेळांनी करा ज्यात तुम्ही खरोखर जेवढे हलता तेवढंच समोरचं जग हलतं. बीट सेबरमध्ये जागेवर उभं राहून येणारे ठोकळे कापायचे असतात. इलेव्हन टेबल टेनिस हे जवळजवळ खरं टेबल टेनिस आहे. वॉकअबाउट मिनी गोल्फमध्ये समोरच्या जगातच एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेता येते, चालावं लागत नाही. स्टोअरमध्ये प्रत्येक खेळावर तो किती सोसवेल याची खूण असते, आरामदायी, मध्यम, तीव्र अशी. पहिले काही आठवडे आरामदायीच्या पुढे जाऊ नका. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, आणि आठवड्यातून एकदा तासभर खेळण्यापेक्षा रोज थोडं बरं.

शरीर आधी सूचना देतं, आणि ती ओळखणं हे यातलं खरं कौशल्य. चेहरा गरम वाटतो, जांभया येतात, तोंडात लाळ जमते, मग कपाळावर गार घाम. ओकारी त्याच्या बरीच पुढची पायरी. पहिल्या जांभईला थांबायचं. 'एवढा डाव संपवतो' म्हणायचं नाही, कारण त्या पायरीपुढे गेलात तर उरलेला दिवस जातो आणि शरीर हेडसेटची आणि मळमळीची सांगड घालून ठेवतं. तुम्हाला आता साधा खेळही सोसत नाही त्यात पहिल्या संध्याकाळचा हा वाटा असणार. काही जणांना नुसता फोमचा वास आला तरी मळमळतं. म्हणून चारपाच दिवस हेडसेटला हातच लावू नका, आणि मग नव्याने, चष्म्यासकट, पाच मिनिटांच्या खेळाने सुरुवात करा.

टेबलफॅन समोरून लावा. घाम कमी येतो, आणि वारा कुठून येतो यावरून आपलं तोंड कुठे आहे हे शरीराला कळत राहतं. रिकाम्या पोटी नको, भरल्या पोटी तर नकोच. माशांचं जेवण झाल्यावर निदान दोन तास जाऊ द्या. आल्याचा तुकडा चघळणं काहींना मानवतं. प्रवासातली उलटीची गोळी घेऊन खेळणं मला पटत नाही: झोप येते आणि सूचना कळेनाशा होतात. गरगरलंच तर ओटीवर येऊन लांबचं झाड बघत बसा, आणि डोकं पूर्ण थाऱ्यावर येईपर्यंत स्कूटर काढू नका.

हे सगळं आरामात जमू लागलं की कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने हलवायच्या छोट्या काठीने चालण्याचे खेळ घ्या. तिथे तीन सेटिंग्ज बघा. वळणं सलग न ठेवता टप्प्याटप्प्याने ठेवा, चालताना कडेने काळोखी येईल अशी सोय असते ती पूर्ण चालू ठेवा, आणि शक्य तिथे बसून खेळा. काठीने वळण्यापेक्षा स्वतः पायावर वळणं नेहमी चांगलं, कारण त्यात कानही वळतो. रोलर कोस्टर नाही केला तरी आयुष्यात काही अडत नाही.

धुरकटणाऱ्या काचांचं कारण साधं आहे. भिंगं गार आणि चेहरा गरम दमट. खेळण्याआधी हेडसेट पाच-दहा मिनिटं चालू करून ठेवा, भिंगं कोमट होतात आणि वाफ धरत नाही. पुसायला फक्त कोरडं मायक्रोफायबर कापड, स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको. आपल्या हवेत जास्त जपायचं ते बुरशीला. घामेजलेला हेडसेट तसाच बॅगेत घातला तर जून ते सप्टेंबरमध्ये फोम आधी कुबट होतो आणि मग भिंगांवर पांढरट जाळी धरते. पंख्याखाली वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळ्या दाण्यांचं जेल गुलाबी झालं की त्यातला जोर संपला. तांदळात पुरू नका, त्याची भुकटी सगळीकडे शिरते. फोमऐवजी सिलिकॉनचं आवरण घेतलंत तर धुता येतं. २०२१ मध्ये फोममुळे काहींच्या कातडीला त्रास झाल्यावर कंपनीनेच ते आवरण दिलं होतं.

कंट्रोलरमध्ये एकेक एए सेल असतो. हात कधी दिवसाही अडखळत असेल तर सेल काढून आतली टोकं पाहा. खाऱ्या हवेने हिरवट थर धरतो, तो खोडरबराने घासून जातो. महिनाभर खेळणार नसाल तर सेल काढून ठेवा, आणि हेडसेट अर्धा चार्ज करून.

मुलीला देऊ नका. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीच्या नियमानुसार १० वर्षांखालच्या मुलांनी वापरायचा नाही, १० ते १२ वयासाठी पालकांच्या देखरेखीखालचं खातं लागतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी लहान मुलांचे डोळे जवळ असतात, भिंगं ५८ च्या आत येत नाहीत. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर त्यांनीही लांब राहावं.

राहता राहिलं खातं. हेडसेट अजून पुतण्याच्या खात्यावर असेल तर तो पूर्ण रीसेट करून फोनवरच्या अ‍ॅपमधून तुमच्या खात्याला जोडावा लागेल. पण विकत घेतलेले खेळ खात्याशी बांधलेले असतात, हेडसेटशी नाही. रीसेट केल्यावर त्याने घेतलेले सगळे खेळ हेडसेटवरून जातील. टेबल टेनिस त्याच्या खात्यावर आधीच असेल तर तूर्त रीसेट न करता त्याच्याच खात्यावर दोन महिने खेळून बघा. आधी त्याला फोन करून काय काय घेतलंय ते विचारा, आणि चष्म्याची ती काळी चौकटही.